पट्टीवर ‘निल’ आलं, तरी रेशो मागा

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बावीस वर्षं लॅबमध्ये आहे. लघवीच्या तीस-चाळीस डब्या रोज हाताखालून जातात. तरी सख्ख्या भाच्याच्या बाबतीत चुकले, म्हणून हे लिहायला बसले.

त्याच्या मूत्रमार्गात जन्मतःच पडदे होते. डॉक्टर त्याला पीयूव्ही (पोस्टेरिअर युरेथ्रल व्हॉल्व्ह) म्हणतात. हे फक्त मुलग्यांत होतं. वहिनीच्या सातव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं फुगलेली दिसली होती. जन्मल्यावर आठवडाभरात दुर्बिणीतून पडदे काढले. अडथळा गेला, पण पोटात असतानाच मूत्रपिंडांचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. उरलेल्या गाळण्यांवर जास्तीचा भार पडतो, त्या थकतात, आणि बरेचदा रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं लघवीतून बाहेर टाकतात तो स्नायूंतला कचरा) वाढायच्या आधी लघवीतून प्रोटीन जायला लागतं.

ते पकडायला मी काय केलं? दीड वर्षं दर तीन महिन्यांनी त्याच्या लघवीत रंग बदलणारी तपासणीची पट्टी बुडवली, ‘प्रोटीन निल’ लिहिलं आणि वहिनीला फोन केला, ‘सगळं छान.’ मग मुलांच्या किडनीच्या डॉक्टरांनी रेशो मागितला, म्हणजे लघवीतलं प्रोटीन भागिले लघवीतलंच क्रिएटिनिन. प्रोटीन १८, क्रिएटिनिन ३०, दोन्ही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. भागाकार ०.६. दोन वर्षांवरच्या मुलात तो ०.२ च्या आत हवा.

पट्टी खोटं बोलली नव्हती. ती फक्त दाटपणा बघते, आणि तोही मुख्यतः अल्ब्युमिन या एका प्रोटीनचा. या मुलांच्या मूत्रपिंडांना लघवी दाट करताच येत नाही. आमचा पोरगा तांब्याच्या तांब्या पाणी पितो, रात्री दोनदा उठतो, लघवी पाण्यासारखी. तितक्या पाण्यात १८ मिलिग्रॅम पट्टीला दिसत नाही. पाण्याने क्रिएटिनिनही तितकंच पातळ होतं, म्हणून भागाकार फसत नाही. उलट धडधाकट मुलाची सकाळची दाट लघवी घ्या: प्रोटीन ३०, क्रिएटिनिन २००. पट्टीवर एक प्लस, घरात रडारड, आणि रेशो अवघा ०.१५!

तेव्हा चिठ्ठीवर ‘यूरिन रुटीन’ एवढंच असेल तर डॉक्टरांना विचारा, ‘प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो लिहून देता का?’ जमलं तर अल्ब्युमिनचा रेशोही त्याच डबीतून. प्रोटीन बरंच आणि त्यात अल्ब्युमिन थोडंच, असं आलं तर गाळणीपेक्षा पुढच्या नलिका लहान प्रोटीनं परत ओढून घ्यायला कमी पडताहेत, असा अंदाज डॉक्टरांना येतो.

आता डबी. रात्री झोपताना शू करायला लावायची आणि सकाळी उठल्या उठल्या पहिली लघवी धरायची. काही मुलांना दिवसभर उभं राहिल्या-हिंडल्यानेच थोडं प्रोटीन जातं. रात्रभर आडवं राहिल्यावरच्या लघवीत ते नसतं, म्हणून सकाळचा हट्ट. साध्या पाण्याने धुवायचं, पहिली धार सोडायची, मधली धरायची. डबी लॅबमधूनच न्या. खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली आणू नका, मी परत पाठवते. तासाभरात पोचवा, नाहीच जमलं तर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. लंगोटातल्या बाळाला चिकटवायची पिशवी रेशोसाठी चालते, कल्चरसाठी (जंतू वाढवून बघायच्या तपासणीसाठी) मात्र नको, कातडीवरचे जंतू त्यात येतात. नळीने लघवी काढावी लागत असेल तर नळीचीच द्या आणि तसं डबीवर लिहा.

ताप असताना, उन्हाळी लागलेली असताना किंवा शाळेच्या स्पोर्ट्सच्या दुसऱ्या दिवशी देऊ नका. प्रोटीन उगाच वाढलेलं दिसतं. ताप असेल तर आधी कल्चरचा विचार, आणि तोही त्याच दिवशी.

रिपोर्ट आला की आधी एकक बघा. ०.६ आणि ६०० एकच असू शकतात: पहिला मिलिग्रॅमला मिलिग्रॅम, दुसरा ग्रॅमला मिलिग्रॅम. लॅब बदललेल्या एका आईला मी या हजारपटीपायी रडताना पाहिलंय. शक्यतो एकाच लॅबमध्ये जा आणि वहीत तारीख, रेशो, त्या दिवशीचा बीपी असं लिहीत जा. एका आकड्यावर काही ठरत नाही, दोन-तीन सकाळी तोच सूर लागला तर ठरतं.

बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिन, एनगॅल, ईजीएफ ही लघवीतल्या आणखी काही प्रोटीनांच्या तपासण्यांची नावं तुम्ही मोबाईलवर वाचली असतीलच. पहिलं आम्लधर्मी लघवीत तुटून जातं, दुसरं लघवीच्या इन्फेक्शनमध्येही चढतं. ईजीएफ उलटं: ते मूत्रपिंडातच बनतं, म्हणून कमी होत गेलं तर वाईट. अभ्यासात ते कामाचं दिसतंय, पण डॉक्टरांनी मागितल्याशिवाय त्यावर पैसे घालू नका. तेवढ्यात लहान मुलाच्या मापाचा बीपीचा पट्टा येईल, आणि तो जास्त उपयोगी. २००९ साली युरोपातल्या एस्केप अभ्यासात दिसलं की मूत्रपिंडं कमजोर असलेल्या मुलांचा बीपी नेहमीच्या लक्ष्यापेक्षा खाली ठेवला तर मूत्रपिंडांची घसरण मंदावते.

भाच्याला आता प्रोटीन आणि बीपीसाठी गोळी सुरू आहे. उलट्या-जुलाब लागले की ती द्यायची की थांबवायची, हे वहिनी आधी फोन करून विचारते. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर ती पेन्सिलीने त्याची उंची लिहिते, कारण मूत्रपिंडं किती गाळतात याच्या हिशेबाला ती लागते: ०.४१३ गुणिले सेंटिमीटरमधली उंची, भागिले रक्तातलं क्रिएटिनिन. गेल्या महिन्यात ११८ आणि ०.७, म्हणजे जवळजवळ ७०. रेशो ०.३५. या वेळी फोनवर मी ‘सगळं छान’ म्हटलं नाही, दोन्ही आकडे वाचून दाखवले आणि तिने ते लिहून घेतले.