घरासाठी काच कशी निवडावी आणि कशी मागवावी

काचेच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘किती एमएम?’ खरं तर जाडी शेवटी ठरते. त्याआधी दोन गोष्टी बघायच्या: ही काच फुटली तर तुकडे कुणाच्या अंगावर येतील, आणि फुटल्यावर तिथे मोकळी जागा राहिली तर चालेल का. याची उत्तरं मिळाली की अर्धी निवड झाली.

१. जागा बघून प्रकार ठरवा

साधी काच म्हणजे फ्लोट. वितळलेली काच वितळलेल्या कथलावर पसरवून ती बनते, म्हणून दोन्ही बाजू आपोआप सपाट येतात. ती फुटली की लांब, टोकदार पाती निघतात. शोकेसचे कप्पे, फोटोफ्रेम, कमरेच्या वरच्या खिडकीची छोटी झडप इथे ती चालते. दार, दाराशेजारची पट्टी, जमिनीपर्यंत येणारी खिडकी आणि बाथरूममध्ये ती नको.

टफन म्हणजे हीच काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेली. बाहेरचा थर दाबाखाली राहतो, आतला ताणाखाली. त्यामुळे ती साध्या काचेच्या चार-पाच पट ताकदीची होते आणि फुटली तर सगळीच्या सगळी बारीक, बोथट तुकड्यांत कोसळते. ‘टफन फुटत नाही’ हा गैरसमज आहे. मधोमध बुक्की मारा, काही होत नाही. कोपरा टाइलवर टेकला की संपलं. क्वचित कुणी हात न लावताही ती फुटते. काचेत अडकलेला निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण कालांतराने फुगतो. अशा वेळी फुटीच्या मुळाशी फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे दिसतात. जिन्यात किंवा दर्शनी भागात उंचावर टफन लावायची असेल, तर कारखान्यात ‘हीट सोक’ करून मागा. भट्टीत पुन्हा तापवल्यावर अशा बहुतेक काचा तिथेच फुटून जातात.

लॅमिनेटेड म्हणजे दोन काचांमध्ये पीव्हीबी या पारदर्शक, चिवट प्लास्टिकचा थर. तो ०.३८ मिमीच्या पटीत येतो: ०.३८, ०.७६, १.५२. काच फुटली तरी तुकडे थराला चिकटून जागेवर राहतात. फुटल्यावर भोक पडून चालणार नाही अशा सगळ्या जागा हिच्या: बाल्कनीचं रेलिंग, छतावरचा उजेडाचा झरोका, पोर्चचं छप्पर. रेलिंगला नुसती १२ मिमी टफन देणारे बरेच भेटतात. ती फुटली की कठडाच नाहीसा होतो. ६+१.५२+६ (काच, थर, काच, मिमीमध्ये), तीही दोन्ही काचा टफन, अशी मागा. वर हातधरणी नसेल तर सगळा भार खालच्या चॅनेलवर, म्हणजे काच ज्यात बसते त्या धातूच्या पन्हळीवर येतो. तो हिशेब इंजिनिअरकडून करून घ्या.

शेगडीमागची लॅकर्ड, म्हणजे मागून रंग दिलेली काचही टफनच हवी, साधी असली तर उष्णतेने तडकते. जाळीची वायर्ड काच मजबूत दिसते, पण धक्क्याला तेवढ्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा कमकुवत असते. तार आगीच्या वेळी तुकडे धरून ठेवते, एवढंच. कोकणच्या दमट हवेत काठाशी तार गंजते आणि तिथूनच तडा जातो.

२. ऊन कुठून येतं ते बघा

पश्चिमेच्या खिडकीला ६ मिमी साधी पारदर्शक काच सूर्याच्या उष्णतेतला साधारण ८० टक्के भाग आत घेते. गडद काच उजेड कमी करते, पण स्वतः तापते. मधला भाग तापलेला आणि फ्रेममधला काठ थंड, असा सुमारे ४० अंशांचा फरक पडला की साधी काच तडकते. उन्हाचा तडा ओळखायला सोपा: काठाला काटकोनात सुरू होतो आणि पुढे वळवळत जातो. गडद काचेवर वरून सनफिल्म चिकटवली, किंवा जाड पडदा अगदी काचेला लागून ठेवला, तर हा धोका वाढतो. अशा जागी टफनच घ्या.

बजेट असेल तर डबल ग्लेझिंग, म्हणजे डीजीयू घ्या: ६ मिमी काच, १२ मिमी सीलबंद पोकळी, ६ मिमी काच. आपल्या उन्हासाठी लो-ई कोटिंग (उष्णता परतवणारा पातळ लेप) बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगावर, पोकळीकडे तोंड करून हवं. ऑर्डरमध्ये हे स्पष्ट लिहा. पोकळीत बाष्प दिसू लागलं की सील गेलं. ते पुसता येत नाही, अख्खं युनिट बदलावं लागतं. महाबळेश्वरसारख्या उंचीवर न्यायचं असेल तर कारखान्याला आधीच सांगा. खाली सील केलेलं युनिट वर हवेचा दाब कमी झाल्याने फुगतं.

रस्त्याचा आवाज हा त्रास असेल, तर लॅमिनेटेडचा फायदा साध्या काचेपेक्षा जास्त. पण सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमधली फट तशीच असेल तर पैसे वाया.

३. जाडी आणि वजन काढा

चौरस मीटरला दर मिलिमीटरमागे २.५ किलो, हे सूत्र पाठ ठेवा. शॉवरचं १० मिमीचं दार, ७५० × २१०० मिमी: १.५७५ × २५, म्हणजे सुमारे ३९ किलो. बिजागऱ्यांच्या पाकिटावर यापेक्षा जास्त वजन छापलेलं असलं पाहिजे. शॉवरला ८ किंवा १० मिमी टफन पुरते. खिडकीची जाडी वाऱ्यावर ठरते. भारतीय मानकात मुंबईचा मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, पुण्याचा ३९. म्हणून पुण्यात चाललेली ५ मिमी मुंबईत विसाव्या मजल्यावर चालेलच असं नाही.

४. माप

सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. टफन झालेली काच कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, काठही घासता येत नाही. भोकं, खाचा, एज पॉलिश, सगळं आधी.

टाइल, उंबरठा आणि फॉल्स सीलिंग झाल्यावरच माप घ्या. रुंदी वर, मध्ये, खाली; उंची डावीकडे, मध्ये, उजवीकडे. सगळ्यात लहान आकडा धरा. दोन्ही कर्ण मोजा. फरक आला तर चौकट चौकोनी नाही. बाथरूमच्या भिंती ओळंब्यात क्वचितच असतात, तेव्हा पातळ प्लायचा टेम्प्लेट करून द्या. फ्रेममध्ये बसणाऱ्या काचेला प्रत्येक बाजूला ३ ते ५ मिमी मोकळीक सोडा. शॉवरच्या दाराखाली ८ ते १० मिमी.

भोकाचा व्यास काचेच्या जाडीपेक्षा कमी नको, आणि भोकाच्या कडेपासून काठापर्यंत निदान जाडीच्या दुप्पट अंतर हवं. चित्रात ‘बाहेरून बघताना’ की ‘आतून बघताना’ हे लिहाच. नाहीतर हँडलचं भोक बिजागरीच्या बाजूला येतं. मापं मिलिमीटरमध्ये, आधी रुंदी मग उंची.

५. माल आल्यावर

टफनच्या कोपऱ्यात शिक्का बघा: आयएसआय चिन्ह आणि आयएस २५५३ हा सुरक्षा काचेच्या भारतीय मानकाचा क्रमांक. पोलराइज्ड गॉगल लावून आकाशाचं प्रतिबिंब तिरकं पाहिलं तर टफनमध्ये बहुधा करडे ठिपके किंवा पट्टे दिसतात. जाडीला व्हर्नियर लावा. ५ मिमीमध्ये ०.२ ची सूट असते, ४.५ भरली तर परत पाठवा. काठावरून बोट न फिरवता नजर फिरवा, टवका असेल तर घेऊ नका.

६. बसवताना

काच धातूवर किंवा दगडावर थेट टेकवू नका. खालच्या काठाला रुंदीच्या पाव-पाव अंतरावर दोन रबरी ठोकळे ठेवा. सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ते आरसा, लॅमिनेटेड आणि डीजीयूपासून लांब ठेवा. तिथे न्यूट्रल, म्हणजे असा आंबट वास नसलेलं सिलिकॉन घ्या. लॅमिनेटेडचा काठ पाण्यात राहिला की थर पांढरा पडून सुटतो, म्हणून फ्रेमची पाणी जाण्याची भोकं सिलिकॉनने बुजवू देऊ नका. फ्रॉस्टेड, म्हणजे धुरकट काचेची खरखरीत बाजू पाण्याकडे नको. ओली झाली की आरपार दिसतं.

काच बसल्यावर घरात गिलावा किंवा रंगकाम बाकी असेल तर ती झाका. सिमेंटचं पाणी वाळलं की काच कोरली जाते, डाग निघत नाही. पडलंच तर ओलं असतानाच भरपूर पाण्याने धुवा, ब्लेडने खरवडू नका. कंपनी, जाडी, छटा आणि अंतिम मापं कागदावर लिहून बिलाला जोडून ठेवा. एक पल्ला फुटला तर तीच छटा मिळवायला हा कागद लागतो.