बॅरलचं तापमान झोके घेतंय? इंटिग्रलचा आकडा बघा

वाळूज एमआयडीसीतल्या कुठल्याही प्लास्टिक मोल्डिंग शेडमध्ये बॅरलचं, म्हणजे माल वितळवणाऱ्या गरम नळीचं, तापमान वरखाली व्हायला लागलं की पहिला उपाय ठरलेला असतो: सेट पॉइंट, म्हणजे कंट्रोलरला दिलेलं हवं ते तापमान, पाच अंशांनी खाली. त्यानं काही सुटत नाही. तापमान तेवढेच झोके घेतं, फक्त पाच अंश खाली. दुरुस्ती कंट्रोलरच्या पी, आय, डी (प्रपोर्शनल, इंटिग्रल, डेरिव्हेटिव्ह) या तीन आकड्यांत करावी लागते.

थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) बॅरलवरच्या खड्ड्याच्या तळाला टेकलेलं आहे, त्याचा टाइप कंट्रोलरमध्ये बरोबर निवडला आहे आणि बॅरलभोवतीचे सगळे बँड हीटर (पट्ट्यासारखे हीटर) जिवंत आहेत, हे तपासलेलंच असेल असं धरतो. एखादा हीटर जळालेला असेल तर आधी तो बदला.

सायकल टाइम, म्हणजे हीटरच्या एका चालू-बंद फेरीचा वेळ, कॉन्टॅक्टरला २० सेकंद, एसएसआरला (सॉलिड स्टेट रिले, पॉइंट नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) २ सेकंद ठेवा. कॉन्टॅक्टरला २ सेकंद दिले तर त्याचे पॉइंट लवकर खलास होतात.

मग ऑटो-ट्यून, म्हणजे कंट्रोलरनं हे तीन आकडे स्वतः शोधणं. ते नेहमीच्या सेट पॉइंटला आणि शेजारचे झोन (बॅरलचे वेगवेगळे तापवले जाणारे भाग) गरम झाल्यावरच करा. थंड बॅरलवर एकाच झोनचं ऑटो-ट्यून करून आलेले आकडे उत्पादनात उपयोगाचे नसतात, कारण शेजारच्या झोनची उष्णता आणि स्क्रू फिरताना मालाच्या घर्षणाची उष्णता त्यात धरलेली नसते. दुसरं, ऑटो-ट्यून हीटर पूर्ण चालू-बंद करून मुद्दाम झोके घडवतं. बॅरलमध्ये पीव्हीसी असेल तर आधी पर्ज करून, म्हणजे दुसऱ्या मालानं बाहेर ढकलून, काढा. पीव्हीसी जास्त तापलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ सुटते. ती माणसाला घातक, आणि स्क्रू-बॅरलही खाते.

ऑटो-ट्यूननं काम झालं तर उत्तम. बऱ्याचदा होत नाही, आणि खरी अडचण तिथून पुढे आहे. माझा सगळ्यात जास्त वेळ याच पायरीनं खाल्ला आहे.

इंटिग्रलचं काम आधी नीट समजून घ्या. पीचा आकडा म्हणजे प्रपोर्शनल बँड: सेट पॉइंटच्या आधी किती अंशांपासून हीटर कमी व्हायला लागायचा ते. सेट पॉइंट २०० आणि हा बँड २० अंश असेल, तर बऱ्याच कंट्रोलरवर १८० पर्यंत हीटर पूर्ण चालतो, १९० ला निम्मा. नुसत्या पीवर बॅरल समजा १९४ ला येऊन थांबेल, कारण तेवढ्या पॉवरमध्ये मिळणारी आणि बाहेर जाणारी उष्णता सारखी होते. राहिलेले सहा अंश इंटिग्रल हळूहळू भरून काढतं. किती हळू, ते त्याच्या आकड्यावर ठरतं, आणि तो बहुतेक कंट्रोलरवर सेकंदांत असतो. म्हणजे आकडा लहान तर जोर जास्त, आकडा मोठा तर जोर कमी. झोके कमी करायचे म्हणून लोक आकडा कमी करतात आणि झोके वाढवून ठेवतात. झोके थांबवायचे असतील तर इंटिग्रलचा आकडा वाढवा.

किती वाढवायचा, हे अंदाजानं ठरवू नका, मोजा. आय आणि डी शून्य करा. बहुतेक कंट्रोलरवर शून्य म्हणजे बंद. बँड हळूहळू कमी करत जा. एका टप्प्याला तापमान एकसारखे झोके घ्यायला लागेल, न वाढणारे, न विरणारे. तो बँड लिहून ठेवा. एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचा वेळ घड्याळ लावून मोजा. समजा तो २४० सेकंद आला. झीग्लर आणि निकोल्स यांच्या १९४२ च्या नियमाप्रमाणे बँड त्या आकड्याच्या १.७ पट, इंटिग्रल निम्मं म्हणजे १२०, आणि डी आठवा भाग म्हणजे ३० येतो. हा नियम सर्रास सांगितला जातो, पण बॅरलला मी तो जसाच्या तसा लावत नाही. त्यात प्रत्येक झोका आधीच्या झोक्याच्या साधारण चौथ्या हिश्शाचा राहील एवढंच पाहिलेलं आहे. बॅरल तापतं झटकन आणि थंड व्हायला वेळ घेतं, त्यामुळे एकदा वर गेलेलं तापमान लवकर उतरत नाही आणि तोवर माल करपतो. माझे आकडे: बँड दुप्पट, इंटिग्रल पूर्ण झोक्याएवढं म्हणजे २४०, डी ३०. तरीही डोललं तर इंटिग्रल ४०० पर्यंत न्या.

आकडा बदलला की निदान तीन-चार झोक्यांचा वेळ हात बांधून उभे राहा. दोन आकडे एकदम बदलू नका. नंतर कशानं काय झालं ते कळत नाही.

फक्त सकाळी मशीन चालू करतानाच तापमान उसळत असेल आणि नंतर स्थिर राहत असेल, तर हे आकडे हलवू नका. तापायला लागणाऱ्या वेळात इंटिग्रल साचत राहतं, त्याचा तो परिणाम. कंट्रोलरमध्ये अँटी-रीसेट विंडअप (हे साचणं रोखणारी) किंवा रॅम्पची (सेट पॉइंट हळूहळू चढवणारी) सोय असेल तर ती वापरा.

डी तापमान किती वेगानं बदलतंय ते बघून हीटरला आवरतो. त्याच्याबद्दल एवढंच: आउटपुट थरथरत असेल तर तो कमी करा, आणि थर्मोकपलची केबल पॉवर केबलच्या डक्टमधून काढा.

शेवटची तपासणी रात्रपाळीत करा. हीटरची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात बदलते: २३० चे २०७ झाले तर पॉवर १९ टक्क्यांनी घटते, २५० झाले तर १८ टक्क्यांनी वाढते. लातूर-बीडकडे गावच्या फीडरवर कारखाना असेल तर दिवसा कमी व्होल्टेजवर बसवलेल्या आकड्यांवर रात्री व्होल्टेज वाढलं की तापमान डोलू शकतं. तसं झालं तर बँड थोडा रुंद करा आणि दोन्ही पाळ्यांत पुन्हा बघा. मग तिन्ही आकडे, माल आणि तारीख पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहा आणि पॅरामीटर लॉक करा.