घरच्या सामानाने बाथरूम धुताय? आधी उंबरा कशाचा आहे ते बघा

व्हिनेगरची बाटली उघडायच्या आधी बाथरूमचा उंबरा बघा. खिडकीची कड बघा, बेसिनचा कट्टा बघा, घर जुनं असेल तर फरशीही बघा. मार्बल, शहाबादी, कोटा, कडप्पा यातला कुठलाही दगड असेल तर त्यावर लिंबू, व्हिनेगर, चिंच असं आंबट काहीही पडता कामा नये. मागच्या वेळी मी नळ, टाइल्स, कमोड सगळ्याचा विचार केला आणि नेमका उंबऱ्याचा राहिला, भिंतीवरून ओघळलेलं व्हिनेगर पांढऱ्या मार्बलवर साचलं आणि तिथली चकाकी गेली ती गेलीच. तो डाग नसतो, दगडच खाल्लेला असतो, त्यामुळे कितीही घासलं तरी निघत नाही. नळावर बसणारा क्षाराचा थर आणि हे दगड दोन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच, मग जे क्षार विरघळवतं ते दगड कसा सोडेल? एकदा गेलं की पॉलिशवाल्याला मशीन घेऊन बोलवावं लागतं, आणि दीड फुटाच्या पट्टीसाठी तो सहजासहजी येत नाही.

दगड ओळखता येत नसेल, आणि काळा दगड ग्रॅनाइट आहे की कडप्पा हे नुसतं बघून बऱ्याच जणांना कळत नाही, तर दाराआडच्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका, पाचदहा मिनिटं थांबून पुसा. बुडबुडे आले किंवा तेवढीच जागा निस्तेज झाली तर त्या दगडाला फक्त साधं पाणी, दुसरं काही नाही. तिथे आंबट वापरायचंच नाही, पण शेजारच्या टाइल्सवर वापरणार असाल तर खायच्या सोड्याच्या पाण्यात भिजवून पिळलेला जुना टॉवेल उंबऱ्यावर अंथरा. ओघळ आला तरी सोडा तिथल्या तिथे तो मारतो. हा टॉवेल काम सुरू व्हायच्या आधी अंथरायचा, ओघळ दिसल्यावर नाही.

दुसरी गोष्ट जिवाशी खेळ आहे म्हणून नीट वाचा. बाथरूममध्ये ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर वापरली असेल तर त्या दिवशी व्हिनेगर-लिंबू आणायचंच नाही. ब्लीचला आम्ल लागलं की क्लोरीन वायू सुटतो, मग ते आम्ल बाजारच्या टॉयलेट क्लीनरमधलं असो नाहीतर स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमधलं. छोट्या बंद बाथरूममध्ये डोळे झोंबतात, घसा धरतो, दम लागतो. असं झालं तर सगळं तिथेच टाकून दार उघडून बाहेर या, त्यावर पाणी ओतत बसू नका, आणि श्वास नीट येत नसेल तर थेट डॉक्टरकडे. कामाला बाई येत असतील तर त्यांनी शेवटचं काय टाकलं होतं ते विचारा. आदल्या दिवशी भरपूर पाणी मारून जाळीपर्यंत धुऊन घ्या, कोपऱ्यात उरलेली पावडरसुद्धा. ब्लीचची रिकामी स्प्रे बाटली व्हिनेगरसाठी वापरायची नाही, कितीही धुतली तरी नाही.

आता सामान. ब्रश, बादली, वायपर हे सांगायला नको. हातमोजे मात्र घ्या, सायट्रिक ॲसिड चिरलेल्या बोटाला चांगलंच झोंबतं. पांढरं व्हिनेगर घ्या, लिंबं पिळत बसू नका, महाग पडतं आणि नीट धुतलं गेलं नाही तर चिकट राहतं. सायट्रिक ॲसिड वाण्याकडे लिंबूसत्व म्हणून मिळतं, ते लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे पुरे, त्याला व्हिनेगरचा वासही नाही. खायचा सोडा घासायला. रिठे आदल्या रात्री भिजवून सकाळी उकळून गाळून घ्या, फेस छान येतो, पण डोळ्यात गेलं तर आग होते आणि तीनचार दिवसांत वास मारायला लागतं, तेव्हा थोडंच करा.

आणि कृपा करून सोडा आणि व्हिनेगर एकत्र कालवू नका. फसफसतं ते बघायला बरं वाटतं, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात, खाली राहतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. बाटलीत कालवून झाकण लावलं तर गॅसने बाटली फुटेल. आधी सोड्याने घासा, धुऊन टाका, मग व्हिनेगर. हायड्रोजन पेरॉक्साइडही व्हिनेगरमध्ये मिसळायचं नाही.

बाटल्यांवर मार्करने नाव लिहा. पाण्याच्या बाटलीत काहीही भरून ठेवू नका, घरात लहान मूल असेल तर अजिबातच नको. वासासाठी कापूर ठेवणार असाल तर मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात. देवघरात असतो म्हणून तो निरुपद्रवी होत नाही.

गीझर मेन स्विचपासून बंद, एक्झॉस्ट चालू, टूथब्रश बाहेर. उंबऱ्यावर टॉवेल आहे ना? तो अंथरूनच पुढचं.

वरून खाली या. टाइल्सवर फवारायच्या आधी साधं पाणी मारा, कारण टाइल्समधल्या सांध्यांचं ग्राउटही बहुतेक सिमेंटचंच असतं, कोरडं असेल तर आम्ल पिऊन घेतं आणि हळूहळू भुसभुशीत होतं. काळी बुरशी सोडा आणि जुन्या टूथब्रशने घासा, निघेल तेवढी निघेल, जागा कोरडी ठेवली नाही तर परत येणारच. नळांना व्हिनेगरचं फडकं गुंडाळा, पण पंधरा मिनिटांच्या वर नको, क्रोम खराब होतं, सोनेरी मुलाम्याच्या नळाला तर लावूच नका. शॉवर निघत नसेल तर व्हिनेगरची पिशवी रबरबँडने पंधरा मिनिटं बांधून ठेवा, खाली दगड असेल तर बादली लावा. थेंब थेंब पडतो तो बरोबर दगडावरच पडतो.

कमोडमध्ये रात्री सायट्रिक ॲसिड टाकून ठेवा, सकाळी घासा, फ्लश.

जाळीतले केस हाताने काढा. गरम पाणी ओतायचं तर गीझरचं ओता, उकळतं नको, पीव्हीसीचा पाइप मऊ पडतो.

घरात कुणाला जुलाब-उलट्या चालू असतील तर व्हिनेगरवर विसंबू नका, ते जंतुनाशक म्हणून पुरत नाही. साबणाने धुवा आणि मग एकटं ब्लीच, बाटलीवर लिहिलंय तेवढंच पाण्यात मिसळून, खिडकी उघडी ठेवून.

शेवटी सगळीकडे साधं पाणी, दोनदा, वायपर मारा, पंखा तासभर चालू राहू दे आणि फरशी कोरडी झाल्यावरच पायपुसणं टाका.