सेंद्रिय शेतीची माहिती ग्रुपवर टाकताय? आधी या चुका टाळा

मागच्या हिवाळ्यात माझ्या चुलतभावाची मेथी करपली आणि चूक माझी होती. मी गावच्या सेंद्रिय शेतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं होतं, पंपाला एक लिटर गोमूत्र टाका, मेथी काळीभोर येते. माझा बॅटरीचा फवारणीचा पंप २० लिटरचा, त्याचा हातपंप १० लिटरचा. म्हणजे मी मारलं ५ टक्के आणि त्यानं मारलं १० टक्के, ते पण चार महिने मुरलेलं आणि भर उन्हात. दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी, हातात चुरल्या तर कागदासारख्या. तो मला काही बोलला नाही, फक्त फोटो पाठवला.

तेव्हापासून मी "पंपाला" हा शब्दच लिहायचा सोडला. पंप १० चा असतो, १५-१६ चा असतो, २० चा असतो. "एक झाकण", "एक वाटी", "थोडं जास्त" हे पण सोडा. एक लिटर पाण्याला किती मिली, किंवा एका एकराला किती, बस. फवारणी सकाळी केली का संध्याकाळी, पीक किती दिवसाचं होतं, तेही एका ओळीत लिहा.

दुसरा घोळ होतो अर्धवट स्क्रीनशॉटचा. जीवामृताचंच, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या खताचंच बघा ना, १० किलो देशी गाईचं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर बांधावरची माती आणि २०० लिटर पाणी, हे सगळं एका एकराला, सावलीत ४८ तास ठेवून रोज दोनदा ढवळायचं. फॉरवर्ड होता होता खालची ओळ कापली जाते आणि नेमकी तीच ओळ "२०० लिटर पाणी, एक एकर" अशी असते. मग कुणी तेच ड्रम पाच एकरात पुरवतो आणि म्हणतो जीवामृतात काय दम नाही.

निंबोळीच्या बाबतीत तर याहून वाईट होतं. "निंबोळी ५ टक्के मारा" असा मेसेज येतो. तो असतो अर्काचा: ५ किलो निंबोळी पावडर रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी कापडातनं गाळायची, साबणाचं पाणी टाकून एकूण १०० लिटर करायचं. आणि माणूस दुकानातलं निंबोळी तेल आणून त्याचे ५ टक्के करतो, म्हणजे लिटरला ५० मिली! झाड जळणारच. बाटलीवरचं अझाडिरॅक्टिन (निंबोळीतला किडीवर काम करणारा घटक) पण वेगवेगळं असतं, १५०० पीपीएम (दहा लाखात किती भाग) आणि १०,००० पीपीएमचा डोस एक नसतो, म्हणून सल्ला देताना पीपीएम लिहा नाहीतर लेबलचा फोटो टाका. आणि फवारा संध्याकाळीच, उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर निकामी होतं.

फोटो टाकून "दादा हे काय झालंय?" विचारणारे खूप, आणि खाली लगेच वीस औषधं. अरे पण एका पिवळ्या पानाच्या फोटोवरनं कोण काय सांगणार? कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुतेक लोहाची कमतरता, चुनखडी जमिनीत हे नेहमी दिसतं. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्राकडे बघा. आणि पाणी साचून मुळं गुदमरली असतील तर वरून काहीही फवारलं तरी उपयोग नाही. म्हणून चार फोटो टाका: पूर्ण झाड, पान पुढून, पान मागून, आणि एक झाड उपटून मुळं. मागची बाजू महत्त्वाची, मावा, तुडतुडे, पांढरी माशी तिथंच लपलेली असते. जमीन कसली, शेवटचं पाणी कधी दिलं, आधी काय मारलं, हेही लिहा. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) टाकलाय आणि चार दिवसांनी कुणाच्या सांगण्यावरनं बुरशीनाशक पण टाकलं, तर ट्रायकोडर्माचे पैसे मातीत गेले.

बियाण्याची देवाणघेवाण मला मनापासून आवडते, बीजमाता राहीबाई पोपेरेंनी कोंभाळणे गावात देशी बियाण्यांची जी बँक उभी केली ते बघून आपण सगळे शिकलोय. पण चिठ्ठीशिवाय पुडी पाठवू नका. पीक, वाण, गाव, कोणत्या हंगामाचं, एवढं चार ओळीत पुडीवर लिहा. गहू, हरभरा, मूग स्वपरागी, म्हणजे आपल्याच फुलातल्या परागावर दाणा धरणारे, ते बऱ्यापैकी शुद्ध राहतात. मका, कांदा, काकडी, भोपळा यांचं शेजाऱ्याच्या हायब्रीडशी लगेच मिसळतं, त्यामुळं "शुद्ध देशी" म्हणून देताना विचार करा. कांद्याचं बी वर्षभरातच ताकद गमावतं, जुनं देऊ नका. देण्याआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा आणि किती उगवले तो आकडा पण सांगा.

डाळिंबाच्या गुट्या (फांदीला मुळं फोडून केलेली कलमं), आलं-हळदीचं बेणं, केळीचे कंद वाटताना मात्र हात जरा आखडता घ्या. डाळिंबाचा तेल्या रोग आणि आलं-हळदीची कंदकूज असल्याच मार्गानं गावोगाव पोहोचते. बागेत रोग दिसला असेल तर "बेणं आहे, घेऊन जा" असं टाकूच नका, कितीही चांगल्या मनानं टाकत असाल तरी.

सर्टिफिकेटचं थोडक्यात. पीजीएसमध्ये (शेतकऱ्यांच्या गटानंच एकमेकांना सेंद्रिय प्रमाणपत्र द्यायची पद्धत) किमान ५ शेतकऱ्यांचा गट लागतो आणि एकमेकांची शेतं जाऊन बघावी लागतात, तेव्हा दुसऱ्या गटाच्या सर्टिफिकेटचा फोटो आपल्या मालाच्या पोस्टला जोडू नका. सातबारा, आधार, पासबुकचे फोटो तर ग्रुपवर नकोतच.

आणि फसलेला प्रयोग लिहा हो. यशाचे फोटो शंभर येतात. माझ्या मेथीचा मेसेज मी डिलीट केला नाही, त्याच्याखाली लिटर, टक्के आणि चुलतभावाचा तो करपलेल्या पानाचा फोटो टाकून ठेवलाय, नवा माणूस ग्रुपमध्ये आला की पहिल्यांदा तोच पाठवतो. चुलतभावानं या वर्षी पंपाच्या टाकीवर मार्करनं "१० ली." लिहून घेतलंय आणि मेथी परत टाकलीय.