छोट्या साइटवर पडण्याचे धोके कसे तपासावेत

छोट्या साइटवर तपासणीला जायचं तर काम ऐन भरात असताना जा. कामगार यायच्या आधी किंवा जेवणाच्या सुट्टीत गेलात तर बांधकाम दिसेल, काम दिसणार नाही. रिकाम्या परांचीवर (भिंतीलगत उभारलेल्या पाइप-फळ्यांच्या मचाणावर) सगळे कठडे जागच्या जागी असतात. विटा चढवायला सुरुवात झाली की त्यातला एक दांडा सुटतो आणि भिंतीला टेकून उभा राहतो. तुम्ही आला आहात तो दांडा शोधायला.

मी बघते त्या साइट बहुतेक दोन-तीन मजल्यांच्या असतात. दहा-पंधरा माणसं, एक मुकादम आणि दिवसातून एकदा तोंड दाखवून जाणारा ठेकेदार. सेफ्टी ऑफिसर नावाचा प्राणी इथे नसतोच. अशा जागी हमखास कानावर पडणारं वाक्य म्हणजे, "एवढ्याशा उंचीवरून काय होतंय, मॅडम?" यावर मी हिशोब सांगते. दोन मीटरवरून पडणारा माणूस सुमारे ०.६४ सेकंदात जमिनीवर येतो, ताशी साधारण २२ किलोमीटरच्या वेगाने. तीन मीटरच्या स्लॅबवरून हाच वेग २७ च्या पुढे जातो. तोल सावरायला, काही धरायला वेळच नसतो. अमेरिकेच्या बांधकाम नियमांत साधारणपणे ६ फुटांपासून पडण्याविरुद्धचा बंदोबस्त सक्तीचा आहे. ब्रिटनच्या २००५ च्या नियमांत किमान उंचीच नाही, पडून इजा होईल अशी कुठलीही जागा त्यात येते. मला ही दुसरी रीत पटते. आकडा सांगितला की लोक त्याच्या चार बोटं खाली काम करायला लागतात.

आधी बाहेरून, मग वरून खाली

गेटमधून आत शिरण्याआधी समोर थोडा वेळ नुसतं उभं राहा. वही बाहेर काढू नका. वही दिसली की हेल्मेटं डोक्यावर चढतात, आणि पडणाऱ्याला हेल्मेट थांबवत नाही. माल कुठून वर जातोय, माणसं कुठून चढताहेत, कडेला पाठ करून कोण उभा आहे, विजेची तार परांचीच्या किती जवळ आहे, एवढं बघा.

मग थेट सगळ्यात वरच्या मजल्यावर जा आणि तिथून खाली उतरत या. काम सगळ्यात ताजं तिथे असतं, म्हणून बंदोबस्तही तिथेच सगळ्यात तोकडा असतो. शिवाय वर जाताना तुम्ही कामगारांच्याच वाटेने जाता. जिथे तुमचे पाय अडखळले तो यादीतला पहिला मुद्दा. धाडस दाखवायला पुढे जाऊ नका, अलीकडूनच बघा आणि लिहा.

स्लॅबच्या कडा आणि भोकं

उघड्या कडेला कठडा हवा: वरचा दांडा साधारण एक मीटर उंचीवर, त्याच्या निम्म्यावर दुसरा, आणि तळाशी १५ सेंटिमीटरची उभी फळी, म्हणजे पायाने लोटलेली वीट खाली जाणार नाही. वरचा दांडा हाताने बाहेर ढकलून बघा. अमेरिकेच्या नियमात त्याने २०० पौंड, म्हणजे साधारण ९० किलोंचा जोर सोसला पाहिजे. सुतळी किंवा लाल-पांढरी पट्टी हा कठडा नाही. तोल गेलेल्या माणसाला तिचा काही उपयोग नाही.

कठडा नसेल तर "कोणी काढला?" हे विचारूच नका. कोणीच काढलेला नसतो. "का काढावा लागला?" असं विचारलं की लोक सांगतात. बहुतेक वेळा तिथून माल आत घ्यायचा असतो. कप्पीने पाटी वर येते, ओढणाऱ्याला पुढे वाकावं लागतं आणि दांडा छातीला आडवा येतो. अशा जागी "कठडा पुन्हा लावा" एवढंच लिहून निघालात तर तुमची पाठ वळताच तो पुन्हा निघेल. माल घ्यायची एकच जागा ठरवा, तिथे आत उघडणारं फाटक बसवा, आणि ते उघडं असेपर्यंत ओढणाऱ्याच्या अंगावरचा सुरक्षा पट्टा मागच्या कॉलमला इतक्या आखूड दोरीने बांधा की तो कडेपर्यंत पोहोचणारच नाही. काम आणि बंदोबस्त जिथे एकमेकांच्या आड येतात तिथे तोडगा काढायला तुम्ही आहात. नाहीतर तो तोडगा कामगार स्वतः काढतो, पक्कड घेऊन.

भोकांकडे सगळ्यात जास्त वेळ द्या. डक्ट, पाइपांसाठी सोडलेली जागा, लिफ्टचा खड्डा, जिन्याची पोकळी. कडा निदान दिसते, भोक झाकलेलं असतं. त्यावर प्लायचा सुटा तुकडा टाकलेला असतो आणि सगळ्यांना वाटतं बंदोबस्त झाला. हा तुकडा उघड्या भोकापेक्षा वाईट. कोणाला तरी प्लाय हवा असतो. तो वाकून दोन्ही हातांनी तो उचलतो, अंगासमोर उभा धरतो आणि पुढे पाऊल टाकतो. प्लायआड त्याला जमीन दिसत नाही, आणि भोक नेमकं पावलाखाली आलेलं असतं. म्हणून झाकण सरकणार नाही असं खिळ्यांनी किंवा बोल्टने पक्कं करा, त्यावर येईल त्याच्या दुप्पट वजन पेलेल इतकं जाड घ्या आणि ठळक रंगात "खाली भोक आहे" असं लिहा. तपासताना झाकणावर उभं राहू नका. बुटाच्या टोकाने बाजूने ढकला. हललं तर नापास.

लिफ्टच्या खड्ड्याला प्रत्येक मजल्यावर दार हवं. खड्ड्यावरून पलीकडे जायला टाकलेली फळी दिसली तर ती तिथल्या तिथे उचलायला लावा. जिन्याचं सेंट्रिंग (काँक्रीट धरून ठेवणारे तात्पुरते टेकू आणि फळ्या) निघालं त्याच दिवशी तात्पुरता कठडा लागला पाहिजे. ग्रॅनाइटचं रेलिंग येईपर्यंत महिने जातात.

परांची

परांची मात्र तळापासून वर तपासा. उभे खांब कशावर उभे आहेत? बेसप्लेट (खांबाच्या बुडाची लोखंडी पाटी) आणि खाली रुंद फळी असेल तर ठीक. विटांची चळत असेल तर नाही, वीट एका बाजूने दाबली की फुटते. खांबाच्या तळाची माती पावसाने किंवा क्युरिंगच्या (काँक्रीट पक्कं व्हायला मारलेल्या) पाण्याने धुपली आहे का बघा. मग इमारतीशी बांधणी: परांची भिंतीला नियमित अंतरावर पक्की जखडलेली हवी. प्लास्टरवाले येतात, बांधणी हाताला आडवी येते म्हणून सोडतात, पलीकडे पुन्हा बांधायची विसरतात. तिरके पाइप सगळ्या खणांत आहेत का? की चढायला जागा हवी म्हणून एक काढलाय?

फळ्या बघताना टोकांकडे बघा. शेवटच्या आधारापलीकडे फळी साधारण १५ ते ३० सेंटिमीटर असावी. त्याहून कमी असेल तर ती निसटते, जास्त असेल तर टोकावर पाय पडताच उलटते. फळ्यांमध्ये फटी नकोत आणि भिंत व फळी यांच्यातून माणूस जाईल एवढं अंतर नको. विटांची थप्पी दिसली तर मोजा. एक भरीव वीट साधारण तीन किलोंची धरली तरी शंभर विटा म्हणजे तीनशे किलो, वर गवंडी, बिगारी आणि मसाल्याचं घमेलं.

वर चढायला वेगळी शिडी हवी. तिरक्या पाइपांवरून माकडासारखं चढणं तरुण पोरांना आवडतं. त्यांना समजावण्यापेक्षा शिडी सोयीच्या जागी लावून घ्या, म्हणजे ती वापरली जाते.

परांची पहिल्यांदा वापरण्याआधी, मग दर सात दिवसांनी, आणि वादळी वारा, मोठा पाऊस किंवा काही बदल झाल्यावर लगेच तपासायची. त्याची तारीख आणि तपासणाऱ्याचं नाव चढायच्या जागी टांगलेल्या पाटीवर हवं.

शिडी आणि घोडी

शिडी चढण्या-उतरण्यासाठी आहे, तासन्‌तास काम करण्यासाठी नाही. उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर पाय, म्हणजे चार मीटर उंचीला एक मीटर बाहेर. मोजपट्टी नसेल तर शिडीच्या पायाला बुटाची टोकं लावून सरळ उभे राहा आणि हात समोर ताणा. तळवे पायरीला आरामात लागले तर कोन बरोबर. वरचं टोक उतरायच्या जागेपेक्षा एक मीटर वर आणि बांधलेलं हवं. साइटवरच खिळे मारून केलेल्या शिडीच्या पायऱ्या एकेक हलवून बघा. घोडीवर (उघडून उभी करायच्या दुहेरी शिडीवर) शेवटच्या पायरीवर उभं राहून छत खरवडणारा रंगारी दिसला तर त्याला उंच घोडी मिळवून द्या, तो दुसऱ्या कशासाठी तिथे चढलेला नसतो.

पट्टा

छोट्या साइटवर सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. कमरेचा नुसता पट्टा पडणाऱ्याला झेलण्यासाठी नाही, झटका थेट पोटावर आणि मणक्यावर बसतो. अमेरिकेत १९९८ पासून या कामासाठी त्याला मनाई आहे. पूर्ण अंगाचा हार्नेस, म्हणजे खांदे, छाती आणि मांड्यांना धरणारा पट्टा हवा. लेबल वाचा (भारतीय मानक आयएस ३५२१ किंवा युरोपीय मानक ईएन ३६१), शिवण, जळलेले डाग, सिमेंटने कडक झालेले पट्टे बघा. एकदा कोणाला झेललेला हार्नेस पुन्हा वापरायचा नाही.

पडणाऱ्याला झेलायला पट्ट्याखाली किती मोकळी जागा लागते, हा हिशोब आता ठेकेदाराला समोर बसवून कागदावर करून दाखवा. दोरी १.८ मीटर. झटका शोषणारा भाग उघडून आणखी सुमारे १.१ मीटर, काही बनावटींत त्याहून जास्त. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत १.५ मीटर. शिवाय एक मीटर राखीव. बेरीज ५.४ मीटर, हुक अडकवलेल्या जागेपासून खाली. पहिला स्लॅब तीन मीटरवर आणि हुक पायाशी अडकवलेला असेल तर दोरी ताणायच्या आधीच माणूस जमिनीवर. हुक डोक्याच्या वर, स्लॅबपासून दोन मीटरवर असला तरी पाचच मीटर मिळतात. म्हणून खालच्या मजल्यांवर झेलणारा पट्टा घालून बसू नका. कठडा लावा किंवा कडेपर्यंत जाऊ न देणारी आखूड दोरी द्या.

हुक कशात अडकवलाय हेही बघा. अमेरिकेच्या नियमात ती जागा माणशी ५,००० पौंड, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास ताण पेलणारी लागते. परांचीचा पाइप, विजेचा पाइप, बाहेर आलेली सळई यांपैकी काहीही चालत नाही. आणि विचारा, "हा लटकला तर खाली कोण आणणार, आणि कशाने?" हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं, काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. या प्रश्नाला उत्तर नसेल तर पट्ट्यावरचं काम सुरू करू देऊ नका.

सिमेंटच्या पत्र्यांचं छप्पर असेल तर त्यावर कोणीही थेट पाय ठेवायचा नाही. बोल्टच्या ओळीवरून चाललं की पत्रा तुटत नाही, ही समजूत चुकीची आहे. धुळीने माखलेला उजेडाचा पत्रा तर आजूबाजूच्या पत्र्यांत ओळखूही येत नाही. वजन पसरवणाऱ्या फळ्या आणि त्यांना कठडा, खाली जाळी, किंवा खालूनच काम.

कोणाशी बोलायचं

मुकादमाशी बोलाच, पण पाणी मारणाऱ्याला चुकवू नका. क्युरिंगला तो पहाटे, संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशीही जातो, बहुधा एकटा, ओल्या स्लॅबवर, हातात पाइप ओढत मागे मागे सरकत. "दादा, कडेपर्यंत कसे जाता? अंधार असला तर?" एवढ्या प्रश्नात साइटचं खरं चित्र बाहेर येतं. सेंट्रिंग काढणाऱ्यांनाही विचारा, त्यांच्या पायाखालचीच फळी ते सोडवत असतात.

काय लिहायचं

"सर्व ठिकाणी कठडे बसवावेत" हे वाक्य कोणालाच बांधत नाही. असं लिहा: दुसरा मजला, जिन्यासमोरचा डक्ट, ६० बाय ९० सेंटिमीटर, प्लाय सुटा, आज संध्याकाळी पाचपर्यंत बोल्टने पक्का करणे, जबाबदारी मुकादम, फोटो. जीव जाईल अशा जागेचं काम तुम्ही तिथे असतानाच थांबवा आणि दुरुस्ती झाल्याशिवाय खाली उतरू नका. बाकीच्यांना तारखा द्या.

पुढची फेरी वेगळ्या वेळेला मारा, न कळवता, आणि आधी जुनी यादी बघायच्या ऐवजी मुकादमाला विचारा की या आठवड्यात नवीन काय चालू झालं. स्लॅब एक मजला वर गेला असेल, तर मागची निम्मी यादी आता तिथे नव्याने लागू आहे.