पावसाळ्यात लॅपटॉपचं वाय-फाय गायब होतं तेव्हा

खानापूरच्या पावसात ऑफिसच्या लॅपटॉपचं वाय-फाय मध्येच गायब व्हायचं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली जोडलेल्या भागांची यादी) पिवळं चिन्ह आणि 'कोड 10', म्हणजे डिव्हाइस सुरूच होत नाही. अशा वेळी विंडोज फॉरमॅट करायची घाई कृपया करू नका.

आधी ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला वाय-फाय कार्ड चालवता येण्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर. मोबाइलवरून यूएसबी टेदरिंगने (केबल जोडून) नेट घ्या, मॉडेल नंबर टाकून लॅपटॉप कंपनीच्याच साइटवरून ड्रायव्हर उतरवा. जुना काढताना ड्रायव्हर डिलीट करायच्या चौकटीत टिक हवीच, नाहीतर विंडोज तोच परत बसवतं.

इथे तेवढ्याने भागलं नाही. रीस्टार्टनंतर वाय-फाय कार्ड कधी दिसायचं, कधी नाही. हे लक्षण बहुधा ढिल्या संपर्काचं. बायोसमधून (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंग्ज) आतली बॅटरी बंद केली, चार्जर काढला, तळ उघडला. एम.2 2230 (22 बाय 30 मिमी) आकाराच्या वाय-फाय कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर दमट हवेने मळकट थर धरला होता. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल (बेळगावात सुट्या भागांच्या दुकानात मिळतं) आणि धागे न सुटणारं कापड पुरलं. पूर्ण वाळल्यावरच कार्ड बसवा. अँटेनाच्या काळ्या-पांढऱ्या वायरी होत्या त्याच जागी, सरळ वरून, टक् होईपर्यंत दाबा. तिरकं दाबलं तर कार्डावरचं बारीक सॉकेटच उपटून येतं, आणि मग नवीन कार्ड घ्यावं लागतं.