सँपल झालं म्हणजे संशोधन झालं? मानसशास्त्राच्या पोरांनो, या चुका टाळा

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीला चौथं वर्ष आलं. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवले की ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेता येतं आणि १२ श्रेयांकांचा प्रकल्प स्वतः करता येतो. लातूर, नांदेड, परभणीकडच्या पोरापोरींना बीएला असतानाच स्वतःचा प्रश्न घेऊन काम करायला मिळतंय, हे मला मनापासून आवडलेलं आहे. आवडत नाही ते पुढचं. सत्र संपत आलं की प्रश्नावल्यांचा गठ्ठा टेबलावर आदळतो आणि मागून आवाज येतो, “सर, सँपल झालं, आता फक्त टी-टेस्ट लावून द्या.” (टी-टेस्ट म्हणजे दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासायची चाचणी.) गठ्ठा उघडला की चुका मागच्या बॅचच्याच. म्हणून एकदाचं लिहून ठेवतो. यापुढे गठ्ठा घेऊन येईल त्याला आधी हे वाचायला देणार.

शहरी, ग्रामीण आणि आधार कार्ड

‘शहरी व ग्रामीण महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या आत्मसन्मानाचा तुलनात्मक अभ्यास’. हे शीर्षक मी इतक्यांदा वाचलंय की झोपेतही टाईप करीन. आत्मसन्मान खोडून तिथे ताण, चिंता, समायोजन, भावनिक बुद्धिमत्ता काहीही घाला, बाकी प्रकल्प तसाच राहतो. राहणारच, कारण तो सीनियरच्या पेनड्राइव्हमधून आलेला असतो.

लातूरला शिकणाऱ्या एका मुलाने हाच विषय घेतला होता. मी विचारलं, ग्रामीण कुणाला म्हणायचं ते कसं ठरवलंस? “आधारवर गावाचा पत्ता आहे ते ग्रामीण.” मी गठ्ठ्यातले वरचे काही फॉर्म काढून त्याच्यासमोर मांडले. पहिल्याचं गाव औसा तालुक्यातलं, पण आठवीपासून लातुरात खोली करून राहिलेला. दुसरी मुरूडहून रोज एसटीने ये-जा करणारी, वडील शिक्षक, घरात इंटरनेट. तिसऱ्याचा पत्ता शहराचा, पण वस्ती अशी की पलीकडे तुरीचं रान सुरू होतं. यातला ग्रामीण कोण? पोरगा म्हणाला, “सर, तेवढं कोण बघायलंय?”

मी बघायलोय ना. परीक्षकही बघेल, निदान बघायला पाहिजे. पण खरी गोम पत्त्यात नव्हती. गावात राहिल्याने आत्मसन्मानाला नेमकं काय होतं असं तुला वाटतं, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पैसा? इंग्रजी? घरापासून लांब राहणं? त्याने यातल्या कशाचाच विचार केला नव्हता, कारण शीर्षकात तसं काही नव्हतं. मग चहाला गेलो. तिथे बोलता बोलता तो सहज म्हणाला की अकरावीला लातुरात आल्यावर त्याच्या बोलण्याला वर्ग हसला आणि तेव्हापासून त्याने वर्गात हात वर करणं सोडलं.

अरे बाबा, हा तुझा प्रश्न! बोलीवरून हसू झालेली मुलं वर्गात कमी बोलतात का? आणि आत्मसन्मान चांगला असेल तर हा फरक कमी पडतो का? यात कुणाला शहरी-ग्रामीण ठरवायची गरजच नाही. मोजता येतं, फुकट होतं, आणि मुंबईच्या मार्गदर्शकाला सुचणार नाही असं आहे.

माझी सवय सांगतो, शास्त्र म्हणून नव्हे. प्रश्न ठरला असं वाटलं की तो घरी फोन करून आईला सांगा. ‘अभ्यास’, ‘प्रभाव’, ‘तुलनात्मक’ हे तीन शब्द न वापरता. “ते तर कुणालाबी ठाऊक आहे” असं ती म्हणाली किंवा तिला काहीच कळलं नाही, तर फॉर्म छापायला जाऊ नका.

एका संध्याकाळी दोनशे फॉर्म

ही माझी सगळ्यात नावडती चूक. हिच्यावर मी जरा जास्तच बोलणार.

एका मुलीने रोझेनबर्गची आत्मसन्मान मापनी घेतली. १९६५ची, दहा विधानांची, जगभर वापरलेली, फुकट. निवड उत्तम. पण भरून घ्यायला फॉर्म दिले हॉस्टेलवरच्या मैत्रिणीकडे, तिने दिले मेसच्या रांगेत. संध्याकाळी दिलेले दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे भरून परत. मुलगी खूश. मला शंका आली ती शाईवरून. ओळीने कितीतरी फॉर्मवर तोच जाड जेल पेन, तीच उजवीकडे लांब ओढलेली टिक, आणि टिकांची वरून खाली सरळ एकच रांग.

आता रोझेनबर्गची गंमत बघा. दहातली पाच विधानं सरळ आहेत, मी स्वतःवर समाधानी आहे या धर्तीची, आणि पाच उलटी, माझ्यात अभिमान वाटावं असं फारसं नाही या धर्तीची. उलट्यांचे गुण फिरवून मोजायचे असतात. १ ते ४ गुण देत असाल, तर एकाच रकान्यात दहाही टिका मारणाऱ्याची बेरीज रकाना कुठलाही असो २५च येते. पहिला घ्या, चौथा घ्या, करून बघा. त्या गठ्ठ्यात फॉर्मामागून फॉर्म २५. म्हणजे पोरींनी वाचलंच नव्हतं. किंवा एकीनेच बसून भरले होते.

हे त्या मुलीच्या लक्षात आलं नव्हतं, कारण तिने उलटी विधानं फिरवलीच नव्हती. न फिरवता बेरीज केली की सरळ रांगेवाले कुणी १०, कुणी ३०, कुणी ४० असे छान पसरतात आणि डेटा एकदम खरा दिसायला लागतो. विधानं फिरवून क्रॉनबाखचा अल्फा, म्हणजे मापनीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात तो आकडा, काढला असता तरी काहीतरी बिनसलंय हे कळलं असतं. पण अल्फा ‘मॅन्युअलमध्ये दिलेलाच आहे’ म्हणून कुणी स्वतःच्या डेटावर काढत नाही. मॅन्युअलमधला अल्फा त्यांच्या लोकांचा आहे, तुमच्या मेसच्या रांगेचा नाही. सॉफ्टवेअरकडून पुढे चमत्काराची अपेक्षा असते. आडातच नाही, पोहऱ्यात कुठून येणार?

माझा नियम: प्रत्येक फॉर्म स्वतः द्यायचा, समोर थांबायचं, स्वतः घ्यायचा. दिवसाला वीस झाले तरी पुष्कळ. त्याआधी आठ-दहा जणांसोबत एकेकट्याने बसून प्रत्येक विधान मोठ्याने वाचून घ्यायचं आणि तुला यातून काय कळलं ते विचारायचं. यात दोन दुपारी जातात आणि निम्म्या भानगडी तिथेच उघड्या पडतात. गुगल फॉर्मची लिंक व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकून ‘प्लीज फिल, टू मिनिट्स ओन्ली’ लिहिणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. दोन मिनिटांत भरलेलं दोन मिनिटांच्याच लायकीचं असतं.

दुःखाच्या दारात प्रश्नावली घेऊन जाणं

मराठवाड्यात राहून शेतकरी आत्महत्येवर काम करावंसं वाटणं साहजिक आहे. तुमच्यातल्या कुणाच्या भावकीत घडलेलंही असेल. तरी बीएच्या प्रकल्पासाठी त्या घरात जाऊ नका, असं मी स्पष्ट सांगतो.

त्या घरात मागे राहिलेल्या बाईकडे आधी पोलीस येऊन गेलेले असतात, मग तलाठी, मग पत्रकार, मग संस्थावाले. सरकारी मदतीचं प्रकरण पात्र ठरतं की अपात्र हे जिल्ह्याची समिती ठरवते आणि एक लाख रुपये त्यावर अडकलेले असतात. अशा घरात वही-पेन घेऊन आलेला पोरगा ‘कॉलेजचा आहे’ म्हणून कितीही सांगो, तो सरकारचाच वाटतो. ती तुम्हाला तेच सांगणार, जे कागदावर असायला हवं. म्हणजे तिला पुन्हा त्यातून जावं लागणार आणि तुमच्या हाती येणारी माहितीही धड नसणार. आणि ती रडायला लागली तर काय करायचं, हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही. त्यापेक्षा तुमच्याच वयाच्या, शेतकरी घरातल्या मुलांना मदत मागताना काय अडतं, ते विचारा.

साध्या कॉलेजच्या वर्गातही हा प्रश्न येतोच. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ विधानांची प्रश्नावली सगळे घेतात, मराठीत मिळते, फुकट आहे. तिचं नववं विधान मरणाच्या विचारांचं आहे. एखाद्याने तिथे ‘जवळजवळ रोज’ लिहिलं, फॉर्म बिननावाचा आहे आणि तुम्ही तो महिन्याने एक्सेलमध्ये भरताना बघताय. आता? याचं उत्तर फॉर्म वाटण्याआधी हवं. एक तर नववं विधान नसलेली पीएचक्यू-८ घ्या. नाही तर फॉर्मवर कोड टाका, त्याच दिवशी संध्याकाळी नववी ओळ बघा आणि कुणाला फोन करायचा हे मार्गदर्शकाशी बोलून ठेवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रत्येकाच्या हातात राहील अशा चिठ्ठीवर द्या, परत घ्यायच्या फॉर्मवर नको.

किल्लारीबद्दलही एवढंच: भूकंप ३० सप्टेंबर १९९३चा. आज विचाराल ती आजची आठवण असेल. ‘भूकंपाचा मानसिक आघात’ असं शीर्षक देऊ नका.

क्लासच्या मुलांवर संशोधन

लातूर पॅटर्नमुळे नीटची तयारी करणारी मुलं हाताशी आहेत, म्हणून सगळे तिकडे धावतात. ही मुलं बहुतेक १८च्या आतली. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची संमती हवी आणि मुलाचा स्वतःचा होकारही हवा. हॉस्टेलमालकाने “घ्या की, काय बिघडतंय” म्हणणं म्हणजे संमती नव्हे. पालक गावी असतात, रविवारी डबा घेऊन भेटायला येतात. तेव्हा गेटवर उभे राहा. कंटाळवाणं आहे. जमत नसेल तर विषय बदला.

या चुका एका ओळीच्या

दर गटात ३० घेतले की झालं, हे कुणी सांगितलं? मध्यम आकाराचा फरक ८० टक्के शक्यतेने पकडायचा तर दोन गटांच्या टी-टेस्टला प्रत्येकी ६४ लागतात. किती माणसं लागतील ते काढणारं जी-पॉवर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, स्वतः काढून बघा.

डास-२१ या नैराश्य, चिंता आणि ताण मोजणाऱ्या मापनीची बेरीज दुप्पट करायची असते. दरवर्षी कुणीतरी विसरतं आणि ‘आमच्या कॉलेजात ताणच नाही’ असा निष्कर्ष काढतं.

बेकची नैराश्य मापनी फोटोकॉपी करून वापरू नका, ती विकत घ्यावी लागते.

इंग्रजी चाचणी रात्रीतून मोबाईलवर मराठी करून सकाळी वाटू नका. दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, तिसऱ्याने मूळ न बघता ते उलट इंग्रजीत न्यायचं, मग भांडायचं.

आकडेमोडीसाठी चोरीचं एसपीएसएस सॉफ्टवेअर कशाला? जॅमोव्ही आणि जास्प दोन्ही फुकट आहेत, कॉलेजच्या जुन्या कॉम्प्युटरवरही बहुधा चालतात.

पी म्हणजे खरा फरक नसतानाही असा निकाल येण्याची शक्यता. पी = ०.००० असं काही नसतं. ०.००१ पेक्षा कमी, असं लिहा.

मोबाईल जास्त वापरणाऱ्यांत ताण जास्त निघाला, म्हणून मोबाईलने ताण येतो असं होत नाही. ताण असलेली पोरंच रात्री मोबाईल घेऊन पडत असतील.

वेळ संपत आला असेल तर

घाईत नवी मापनी ‘बनवू’ नका. जुना प्रयोग नीट पुन्हा करा. २०१५ साली मानसशास्त्रातल्या शंभर प्रयोगांची फेरतपासणी छापून आली. मुळात ९७ टक्क्यांत सार्थक, म्हणजे संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरलेले, निष्कर्ष होते, पुन्हा केल्यावर तसे निघाले ३६ टक्क्यांत. तेव्हा पुन्हा करणं हे कमीपणाचं काम अजिबात नाही.

स्ट्रूपचा १९३५चा प्रयोग घ्या. कार्डांवर ‘लाल’, ‘हिरवा’, ‘निळा’ हे शब्द भलत्याच रंगात छापायचे, शब्द न वाचता रंग सांगायला लावायचं, स्टॉपवॉचने वेळ मोजायची. तेच इंग्रजी शब्दांवर करा. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या मुलांना कुठल्या लिपीत जास्त अडखळायला होतं? एक खोली, एक टेबल, एकेक माणूस, रंगीत प्रिंटचे थोडे पैसे. गृहीतक आधी लिहून ओएसएफ (ओपन सायन्स फ्रेमवर्क) या वेबसाइटवर तारखेनिशी टाका, फुकट असतं. मग आलेला निकाल हवा तसा वळवायचा मोह राहत नाही.

आणि ‘पब्लिकेशन’

सर्टिफिकेटसह तीन दिवसांत पेपर छापून देतो, असा मेसेज येईल. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलचं वजन सांगणारा आकडा, तोही दाखवतील. यूजीसीची मान्य जर्नलांची केअर यादी २०२५मध्ये बंद झाल्यापासून हे लोक जास्तच धीट झालेत. मी माझ्या मुलांना एवढंच विचारतो: त्या जर्नलमधला एखादा पेपर तू पूर्ण वाचलास का? अजून तरी कुणी हो म्हटलेलं नाही.